बारशापासून दहावीपर्यंत: मुलांच्या फोटोंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचा स्टुडिओ वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. ज्या पोरीचा बारशातला फोटो मी काढला, तीच निरोप समारंभाची साडी नेसून समोर उभी राहते, असं आता दर वर्षी घडतं. दुकानात, फोनवर, लग्नाच्या मांडवात आईबाप जे विचारतात त्याची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. काही उत्तरं नवीन फोटोग्राफर पोरापोरींना उपयोगी पडतील, पण बहुतेक घरातल्या माणसांसाठीच आहेत.

बाळाचा पहिला फोटो कधी काढावा?

पहिल्या दोन आठवड्यांत बाळ जास्त वेळ झोपलेलं असतं आणि पोटात होतं तसंच हातपाय दुमडून घेतं. त्यामुळे नवजात बाळाचे फोटो साधारण ५व्या ते १४व्या दिवसाच्या दरम्यान चांगले येतात. पण आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, आणि मलाही ते पटतं. इतक्या लहान बाळाला स्टुडिओत आणू नका. मीच घरी येते, हात धुते, आणि सर्दी असेल तर येतच नाही.

मला बोलवायचं नसेल तरी काही अडत नाही. बाळाची गादी खिडकीपासून हातभर अंतरावर घ्या, खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, आणि खिडकीचा उजेड बाळाच्या डोक्याकडून किंवा बाजूने येऊ द्या. पायांकडून उजेड आला तर नाकाची सावली कपाळावर जाते आणि चेहरा विचित्र दिसतो. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जितका जवळ असतो तेवढंच. म्हणून त्या वयाचा सगळ्यांत खरा फोटो आईकडे बघणाऱ्या बाळाचा असतो. कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या बाळाची वाट पाहू नका, ते अजून तिथवर बघतच नाही.

आजी म्हणतात सव्वा महिना फोटो काढायचा नाही, नजर लागते. काय करायचं?

आजींचं ऐका. फोटोसाठी घरात वाद घालू नका. चेहरा टाळून खूप काही टिपता येतं: आजींच्या सुरकुतलेल्या बोटाला धरलेली मूठ, तेल लावलेल्या पाठीवरची लव, पायातले वाळे. मी एका घरी फक्त पावलांचे फोटो काढले. ते आजींच्या हातात दिले तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, आता तोंडाचाबी काढ माय एखादा.

हातावर हनुवटी टेकवून झोपलेल्या बाळाचा फोटो घरी काढता येईल?

नाही. कृपा करून प्रयत्नही करू नका. नवजात बाळाची मान डोकं पेलू शकत नाही. तो फोटो दोन फोटो जोडून केलेला असतो. एकात कोणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, आणि नंतर ते हात पुसून टाकतात. टोपलीतला फोटो हवा असेल तर टोपली जड हवी, तळाशी जाड गोधडी हवी, आणि घरचं माणूस हात पोहोचेल इतकं जवळ हवं. मला विचाराल तर बाळ रोज ज्या झोळीत झोपतं, त्या झोळीतच काढा. आईच्या जुन्या साडीची झोळी, वर छताचं लाकूड, आणि फटीतून दिसणारा गाल. असा फोटो तुमच्याच घरात होऊ शकतो.

फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होते का?

साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने डोळे खराब होत नाहीत, पण बाळ दचकतं आणि मग झोप मोडते. मी फ्लॅश पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर मारते, बाळाच्या तोंडावर कधीच नाही. खिडकीचा उजेड असेल तर फ्लॅशला हातही लावत नाही.

कितव्या महिन्यात फोटो काढले म्हणजे वाढ नीट दिसते?

महिना मोजू नका, बाळ नवीन काय करायला लागलं ते बघा. दर महिन्याच्या त्याच तारखेला आकडा मांडून काढलेले १२ फोटो पुष्कळ घरांत आहेत. त्यात आकडा वाचला नाही तर चौथा महिना कोणता आणि पाचवा कोणता हे आईलाही सांगता येत नाही. त्यापेक्षा हे टप्पे पकडा.

६ ते ८ आठवड्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागतं. ते हसू ज्या आठवड्यात सुरू होतं त्याच आठवड्यात टिपा. ३-४ महिन्यांत पालथं पडून मान उचलतं. ६ ते ८ महिन्यांच्या आसपास आधाराशिवाय बसतं, आणि स्टुडिओत आणायला हा सगळ्यांत सोपा काळ असतो: बसता येतं, पण पळता येत नाही. मग धरून उभं राहणं, मग पहिली पावलं. कोणी ११व्या महिन्यात चालतं, कोणी १५व्या. शेजारच्या पोराशी तुलना करून फोटोची तारीख ठरवू नका.

पहिल्या वाढदिवसाचा फोटो वाढदिवसाच्या दिवशी काढू नका, हे मी हात जोडून सांगते. त्या दिवशी बाळ पन्नास जणांच्या कडेवरून फिरलेलं असतं, झोप झालेली नसते, अंगाला टोचणारा नवा फ्रॉक असतो. आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात साध्या कपड्यांत, झोप झाल्यावर आणि पोट भरल्यावर या.

त्यानंतर २-३ वर्षं, म्हणजे बोबडं बोलायचं वय. मग ६-७ वर्षं, दात पडायचं वय. मग १०-११, बालपणाचा शेवट. मग १३-१४, आणि मग दहावी. पैसे मोजकेच असतील तर एवढे टप्पे पुरे.

पुढचे दात पडलेत. नवीन आले की मग काढू का?

आत्ताच या! समोरचे दोन दात नसलेलं तोंड आयुष्यात काही महिनेच असतं. या एका कारणाने फोटो पुढे ढकलला, मग शाळा सुरू झाली, मग दात आले, असं होऊन ते वय घरच्या फोटोंत कुठेच नाही, अशी कितीतरी कुटुंबं मी बघितली आहेत. मुलाला ओठ मिटून हसायला सांगू नका. मोठ्या माणसांनी एकदा चिडवलं की पोरं वर्षभर तोंड मिटून घेतात.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ स्टुडिओत पाऊल ठेवताच रडतं. काही दोष आहे का?

दोष नाही, उलट वाढीची खूण आहे. या वयात बाळाला आपलं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक कळायला लागतो, म्हणून माझं तोंड बघून ते रडतं. मी पहिली दहा मिनिटं त्याच्याकडे बघतच नाही. आईशी गप्पा मारते, कॅमेरा टेबलावर ठेवते, फरशीवर बसते. बाळ आपणहून माझ्या ओढणीला हात लावतं तेव्हा काम सुरू. एवढं करूनही रडलं तर घरी जा, चार दिवसांनी या, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आणि जाण्याआधी रडतानाचा एक फोटो काढू द्या. मूल मोठं झालं की सगळ्यांत आधी तोच फोटो मागतं.

मूल हसतच नाही. कसं हसवता?

हसवत नाही. "स्माइल कर, दात दाखव" म्हटलं की पोरं जे तोंड करतात ते कोणाच्याच ओळखीचं नसतं. मी प्रश्न विचारते. गावाकडून आलेलं मूल असेल तर अहिराणीत विचारते, "तुनं नाव काय शे?" स्टुडिओतली बाई आपल्या घरासारखं बोलते हे कळलं की खांदे सैल पडतात. मग म्हैस किती दूध देते, भावाला कोण मारतं, बैलाचं नाव काय, असं चालू राहतं. उत्तर आठवताना जो चेहरा होतो तोच मला हवा असतो.

आईबाप, मामा, आत्या असे पाच जण माझ्या मागे उभे राहून "आठे देख, आठे देख" (इकडे बघ) करत टाळ्या वाजवतात तेव्हा मुलाची नजर पाच जागी फिरते. एकानेच बोलायचं, तेही लेन्सच्या अगदी शेजारी बसून. आणि गंभीर मूल गंभीरच राहू द्या. काही मुलं मुळात शांत, टक लावून बघणारी असतात. त्यांच्या फोटोत खोटं हसू घातलं तर वीस वर्षांनी ते मूल कसं होतं हे कोणालाच कळणार नाही.

बोरन्हाणाचे फोटो नेहमी बिघडतात. काय चुकतं?

हा प्रश्न संक्रांत ते रथसप्तमी रोज येतो. बोरन्हाण फोटोसाठी खरंच अवघड आहे. अंगात काळे कपडे, त्यावर पांढरे हलव्याचे दागिने, आणि बहुतेक वेळा खोलीत एकच ट्यूबलाइट. कॅमेरा काळा रंग बघून समजतो की अंधार आहे, आणि फोटो जास्त उजळ करतो. मग हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद यांचा एकच पांढरा गोळा होतो. मोबाइलवर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि बाजूला सूर्याची खूण येते ती थोडी खाली ओढा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा. हलव्याचा दाणा न्‌ दाणा दिसला पाहिजे, कारण तो कोणीतरी घरी रात्र रात्र बसून केलेला असतो.

दुसरं, वेळ. बोरन्हाण संध्याकाळी दिवे लागल्यावर करतात. ते दुपारी चारला, ओसरीवर किंवा मोठ्या खिडकीपाशी ठेवलं तर निम्मं काम झालं. मूल खिडकीकडे तोंड करून बसवा आणि बायका बाजूला, मागे नको, नाहीतर फोटोत नुसत्या साड्यांच्या निऱ्या येतात.

तिसरं, पहिली मूठ. डोक्यावरून मुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, चॉकलेटं पहिल्यांदा पडतात त्या क्षणी मुलाच्या तोंडावर जे आश्चर्य येतं ते दुसऱ्या मुठीला राहत नाही. नंतर तर सगळी पोरं तुटून पडतात. त्यामुळे पहिल्या मुठीआधी तयार राहा, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला धरा, शटर १/५०० सेकंद किंवा जास्त ठेवा आणि बटण दाबून धरा. मेहरूणची बोरं मिळाली तर ती आधी सुपात मांडून एक वेगळा फोटो घ्या, फार सुंदर रंग असतो.

आणि हे फोटोपेक्षा महत्त्वाचं: मूल ३-४ वर्षांच्या आतलं असेल तर अख्खी बोरं, हरभरे, गोळ्या त्याच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकतात. एका माणसाचं लक्ष फक्त तेवढ्यावर असू द्या. ते माणूस फोटो काढणारं नको.

जावळाच्या वेळी कोणते फोटो हवेत?

आदल्या दिवशीचा. लोक धुळ्याला एकविरा देवीला किंवा गडावर सप्तशृंगीला जातात, तिथे गर्दीत मुंडण होतं, मूल रडतं, आणि सगळे फोटो रडण्याचे येतात. जन्माचं जावळ मात्र परत कधी येणार नाही. म्हणून निघण्याआधी घरी, सकाळच्या उजेडात, मागून आणि बाजूने त्या केसांचा फोटो घ्या. मानेवर वळलेली बट, कानामागचं मऊ जावळ. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच बाजूने गोटा झालेलं डोकं. हे दोन फोटो शेजारी लावा.

गालावरची तीट, काळा दोरा, दृष्टमणी फोटोतून काढून टाकाल का?

सांगितलं तर काढते, पण आधी एकदा विचारते की खरंच काढायची का. ती तीट कोणीतरी बोटाने लावलेली असते. ते बोट कोणाचं होतं हे आज घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याची किंमत वाटत नाही. आमच्याकडे एक आजोबा स्वतःचा लहानपणीचा फोटो मोठा करायला घेऊन आले होते. फोटोत गालावर वाकडी, मोठी तीट होती. कामावरच्या पोराने ती डाग समजून पुसली. आजोबा फोटो हातात घेऊन खूप वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ती माझ्या मायने लावली होती. मायचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. आम्ही तो फोटो पुन्हा केला. तेव्हापासून विचारल्याशिवाय काही पुसत नाही.

डोळ्यांत मात्र काजळ घालू नका. काजळात शिसं असू शकतं, डॉक्टरही नको म्हणतात, आणि डोळ्याला पाणी येऊन फोटोही बिघडतो. गालावर, तळपायावर हवी तेवढी तीट लावा.

थोडं गोरं करून द्याल का?

नाही. हे एक काम मी करत नाही. प्रकाश चुकून चेहरा काळवंडला असेल तर ते दुरुस्त करणं माझी जबाबदारी आहे. पण मुलाचा रंग बदलणार नाही. सहा वर्षांची पोरगी स्वतःचा फोटो बघते आणि तिला कळतं की घरच्यांनी तिचा रंग पुसून मागितला. ते ती विसरत नाही. सावळ्या चेहऱ्याला बाजूचा मऊ उजेड दिला की गालावर आणि कपाळावर जी चमक येते ती गोऱ्या चेहऱ्यावर मिळत नाही. एकदा तसा फोटो बघा, मग बोलू.

रिटचिंगबद्दल माझा नियम साधा आहे. आठवड्याभरात जाणारं काढते: पुरळ, ओरखडा, वाहतं नाक. कायम राहणारं ठेवते: तीळ, जन्मखूण, टाके पडल्याची खूण.

वर्षानुवर्षं वाढ दिसावी म्हणून काय करावं?

एक जागा ठरवा आणि दर वर्षी तिथेच परत या. या पानावरचं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. स्टुडिओचे पडदे बदलतात, बागेतलं झाड तोडतात, म्हणून घरातली न हलणारी वस्तू निवडा. धान्याची जुनी कोठी, कोरीव चौकटीचं दार, ओट्याची पायरी, विहिरीचा काठ नको पण रहाटाचा दगडी खांब चालेल. पहिल्या वर्षी मूल कोठीच्या पायाशी बसलेलं असतं, पाचव्या वर्षी तिच्या कमरेला लागतं, बाराव्या वर्षी वर कोपर टेकवतं. उंचीपट्टी लागत नाही.

बाकी गोष्टीही सारख्या ठेवा. तेवढंच अंतर (फरशीवर रंगाचा ठिपका करून ठेवा), मोबाइल असेल तर तोच झूम, दिवसाची तीच वेळ. कॅमेऱ्याची उंची मात्र कोठीप्रमाणे ठेवा, मुलाप्रमाणे नाही. एरवी मी मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसते, पण या मालिकेत नाही, नाहीतर वाढलेली उंची फोटोत लपून जाते.

कोणत्या दिवशी, तर आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सुरतला गेलेली कुटुंबंही सुट्टीत गावी येतात. सगळी नातवंडं एका घरात सापडायचा हाच काळ. एका कुटुंबात मामाच्या ओट्यावर दर आखाजीला सगळ्या भावंडांना वयाच्या क्रमाने बसवतात. काही वर्षांनी मधली मुलगी थोरल्या भावापेक्षा उंच झाली, आणि तरी तो पहिल्याच जागी बसायचा हट्ट करत होता. तो फोटो मी स्टुडिओत लावला आहे, त्यांच्या परवानगीने.

पण आखाजीला तर ऊन मरणाचं असतं!

हो, जळगाव-भुसावळकडे ४५ अंशांपर्यंत जातं. म्हणून सकाळी साडेसहा ते आठ, नाहीतर संध्याकाळी साडेसहानंतर. दुपारी बाहेर मुलांना उभं करू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. दुपारीच काढायचे असतील तर घरात, दारापासून दोन पावलं आत. बाहेरच्या अंगणातलं ऊन उलटून आत येतं आणि तो उजेड फार मऊ असतो. धाब्याच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीचं दार म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स, स्टुडिओत उजेड मऊ करायला लावतात तो. उत्तरेची खिडकी सगळ्यांत चांगली, पण उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिच्यातूनही तिरपं ऊन शिरतं, तेव्हा पांढरं धोतर लावा.

शेतात फोटो काढायचे आहेत. केळीत की कपाशीत?

केळीच्या बागेत गारवा असतो, पण उजेड पानांतून गाळून येतो आणि चेहरा हिरवट दिसतो. म्हणून बागेच्या आत नको, बांधावर, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं करा, केळी मागे राहू द्या. आणि केळीचा चीक कपड्यांना लागला तर डाग जात नाही, नवीन ड्रेस घालून आत पळू देऊ नका.

कपाशी फुटली की, म्हणजे दिवाळीच्या आसपास, पांढऱ्या बोंडांमध्ये मुलं फार छान दिसतात. पण फवारणी कधी झाली हे आधी विचारा. नुकती फवारणी झालेल्या शेतात लहान मूल नेऊ नका, बोंडाला हात लावून तोच हात तोंडात जातो.

तापीकाठी जाणार असाल तर पाण्यापासून लांब राहा, हतनूर धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. तोरणमाळला हवा थंड आणि ढगाळ उजेड मिळतो, मोठ्या मुलांसाठी मला ते आवडतं. तान्ह्या बाळाला घाटातून नेण्याइतकं मात्र काही नाही तिथे.

होळीला, भोंगऱ्या बाजारात आदिवासी मुलांचे फोटो काढले तर चालतील?

आईबापांना विचारून, आणि फोटोची प्रिंट परत नेऊन द्यायची तयारी असेल तर. सातपुड्यात दर वर्षी कॅमेरे घेऊन गर्दी होते. नटलेल्या पोरांचे फोटो शहरात जातात, स्पर्धेत लागतात, आणि त्या घरी एकही फोटो पोहोचत नाही. तुमच्या पोराचा फोटो अनोळखी माणसाने न विचारता काढला तर चालेल का, तेवढाच विचार करा.

मोबाइलवर चांगले फोटो येतील का?

येतील. लेन्स सुती कपड्याने पुसा, निम्मे धूसर फोटो बोटाच्या तेलाने होतात. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढू नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात. चार-पाच पावलं मागे जा आणि २ पट झूम वापरा. गुडघ्यावर बसा. पोर्ट्रेट मोडमध्ये विस्कटलेले केस कापल्यासारखे दिसतात, म्हणून तोच फोटो साधाही काढून ठेवा.

नवीन फोटोग्राफरसाठी: कोणती सेटिंग?

झोपलेलं बाळ १/१६० ला चालतं. रांगणाऱ्यासाठी १/२५०, पळणाऱ्यासाठी १/५०० ते १/१०००. आयएसओ वाढला तरी चालेल, दाणेदार फोटो ठेवता येतो, हललेला टाकावा लागतो. एफ १.४ ला एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. एकट्या मुलासाठी २.८ ते ४ आणि भावंडांसाठी ५.६ ठेवा. ८५ची लेन्स सुंदर आहे, पण आपल्या खोल्या लहान, तिथे ५०च कामाला येते. डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर शेजारी थर्माकोलची पांढरी शीट धरा.

आणि एकदा चाळीसगावला जा. केकी मूस (१९१२-१९८९) तिथे राहिले, स्टेशनजवळच्या त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी त्यांचं नाव जगभर गेलं. टेबलावर घरगुती वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून ते अख्खं निसर्गदृश्य उभं करत. मुलांच्या फोटोंशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. पण एका खोलीत बसून फक्त उजेड समजून घेत किती लांब जाता येतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. महाग लाइट घ्यायच्या आधी ते बघा.

तेरा-चौदा वर्षांची मुलगी किंवा मुलगा फोटोला तयारच होत नाही.

जबरदस्ती करू नका. या वयात चेहरा, आवाज, उंची सगळं एकदम बदलतं आणि त्यांना स्वतःलाच ओळखू येत नाही. मी आईबापांना बाहेर चहाला पाठवते. कपडे त्यांचे त्यांना निवडू देते. कॅमेऱ्यातले फोटो त्यांनाच दाखवते आणि नको असलेले त्यांच्या समोर पुसते. एवढं केलं की दुसऱ्या दहा मिनिटांत पाठ सरळ होते. हातात काही दिलं तर आणखी बरं: क्रिकेटची बॅट, ढोलकी, सायकलचं हँडल. आणि फोटो त्यांना विचारल्याशिवाय स्टेटसवर टाकू नका.

जुन्या पद्धतीचा, बाळाला उघडं पालथं ठेवून काढलेला फोटो काढाल का?

लंगोट घालून काढते. जुने तसे फोटो घरच्या अल्बममध्ये राहायचे, घरचीच माणसं बघायची. आता फोटो एका मिनिटात कुठे जातो ते आपल्या हातात नाही. तसे जुने फोटो असतील तर जपून ठेवा, पण मोबाइलवर पाठवू नका. शाळेचं नाव, ओळखपत्र दिसणारे फोटोही उघड टाकू नका.

आधार आणि पासपोर्टसाठी बाळाचा फोटो मिळेल का?

आधारचा फोटो केंद्रावरच काढतात. ५ वर्षांच्या आत बोटांचे ठसे घेत नाहीत, नंतर वयाच्या ५व्या आणि १५व्या वर्षी ठसे आणि फोटो अद्ययावत करावे लागतात. पासपोर्टसाठी ४ वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्यावा लागतो. तो मी काढते: बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून, वरून, डोळे उघडे असताना. आईचा हात चौकटीत येऊ नये.

प्रिंट कशाला, मोबाइलमध्ये आहेत ना?

मोबाइल पाण्यात पडतो, चोरीला जातो, बदलला जातो. माझ्याकडे दर महिन्याला कोणीतरी रडवेलं होऊन येतं. वर्षातले १० फोटो निवडा आणि ४×६ मध्ये छापा. ८×१२ ची प्रिंट हवी तर फोटो साधारण २४००×३६०० पिक्सेलचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी, आत्याकडे वगैरे.

चिकट पानांचे अल्बम वापरू नका, फोटो पिवळे पडतात आणि निघत नाहीत. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट आणा, तसाच स्कॅन करून देते. १९८०च्या दशकातले रंगीत फोटो लालसर झाले असतील तर घाबरू नका, रंग बऱ्यापैकी परत आणता येतात. त्याआधीचे ब्लॅक अँड व्हाइट बहुतेक अजून चांगले असतात.

फोटो काढताना आईने कुठे थांबावं?

फोटोत. हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं, कारण बहुतेक जणी विचारतच नाहीत. आई भांग पाडते, नाक पुसते, कॉलर सरळ करते आणि बाजूला होते. घरीही मोबाइल तिच्याच हातात असतो, म्हणून हजार फोटोंत ती कुठेच नसते. "आज नको, मी तयार नाही," असं दर वेळी म्हणतात. त्यामुळे वेळ ठरवायला फोन कराल तेव्हाच सांगून ठेवते: मुलाचे कपडे काढाल तेव्हा शेजारी तुमचीही साडी काढून ठेवा. आणि आजी घरी असतील तर त्यांनाही आणा, आमच्याकडे पायऱ्या नाहीत.